जुन्या मर्सिडीजच्या वेडाची तरफदारी

मेहुण्याने मांडलेला हिशेब बरोबर होता. जेवणं झाल्यावर मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर त्याने दोन रकाने पाडले. एका बाजूला गाडीची किंमत, तीन लाख दहा हजार. दुसऱ्या बाजूला चार टायर, बॅटरी, ब्रेकचे होज, इंजेक्शन पंपाचं काम, आरटीओ, विमा, पर्यावरण कर, आणि शेवटी ‘इतर’ म्हणून आणखी एक लाख. खाली दुहेरी रेघ मारून त्याने वही माझ्याकडे सरकवली. “दाजी, एवढ्यात नवी गाडी येते. वॉरंटीसकट.” मी यादी दोनदा वाचली. दारांची आणि काचांची रबरं त्याने धरली नव्हती, ती मी खाली लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेलो आणि १९८२ सालची मर्सिडीज २४० डी घेऊन आलो.

याला वेड म्हणतात आणि ते वेडच आहे. शहाण्या माणसाने चाळीस वर्षांची जर्मन गाडी घेऊ नये. ती घेताना स्वस्त पडते आणि राखताना तशी पडत नाही. पण या वेडाने मला जे दिलं ते कुठल्याही शहाण्या खरेदीने दिलेलं नाही. म्हणून ज्याच्या डोक्यात हे खूळ शिरू लागलं आहे त्याला मी मागे ओढणार नाही. कुठे शोधायचं आणि काय बघायचं, एवढं मात्र सांगेन.

आधी गाडीची ओळख. कारखान्याच्या भाषेत तिचं नाव डब्ल्यू १२३. जानेवारी १९७६ मध्ये ती जर्मनीत आली आणि १९८६ च्या सुरुवातीपर्यंत तिच्या सगळ्या प्रकारांच्या मिळून सुमारे सत्तावीस लाख गाड्या बनल्या. सुरुवातीला इतकी लांब रांग होती, की वर्षभर वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त भावाने विकली जाई. जर्मनीत ती टॅक्सीवाल्यांची, शेतकऱ्यांची, डॉक्टरांची गाडी होती. २४० डी म्हणजे त्यातली २.४ लिटरची, चार सिलिंडरची डिझेल. अश्वशक्ती ७२ आणि वजन चौदाशे किलोच्या आसपास. शंभराचा वेग गाठायला तिला वीस सेकंदांहून जास्त लागतात आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवायची असते. ती पळण्यासाठी बांधलेली नाही, टिकण्यासाठी बांधलेली आहे. ग्रेगोरिओस साचिनिदिस या ग्रीक टॅक्सीचालकाने तिच्या आधीच्या पिढीतली २४० डी शेचाळीस लाख किलोमीटर चालवली, वाटेत इंजिनं बदलत, पण गाडी तीच ठेवून. २००४ मध्ये त्याने ती कंपनीला दिली आणि आता ती स्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे. माझा भाचा तिथे नोकरीला आहे. तो मुद्दाम जाऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि मला फक्त तिच्या चालकाच्या सीटचा फोटो पाठवला. त्याला बरोबर कळलं होतं, की मला तेच बघायचं आहे.

ही गाडी आपल्याकडे घेणं मला शक्य झालं त्याचं कारण मात्र स्टुटगार्टमध्ये नाही. ते आकुर्डीत आहे.

२४० डी मधल्या इंजिनाचं नाव ओएम ६१६. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ऐंशीच्या दशकात डाइम्लर-बेंझच्या परवान्याने हेच इंजिन बनवायला घेतलं. मुळात ‘टेम्पो’ हा शब्दही आपल्याकडे हॅम्बुर्गहून आलेला. १९५८ मध्ये बजाज टेम्पोच्या फिरोदियांनी तिथल्या कंपनीशी करार करून तीनचाकी मालगाडी इथे बनवायला सुरुवात केली आणि पुढे कुठलीही लहान मालगाडी मराठीत टेम्पोच झाली. ओएम ६१६ मॅटाडोरमध्ये गेलं, ट्रॅक्समध्ये गेलं, ट्रॅव्हलरमध्ये गेलं. म्हणजे सातारा-सांगलीकडे ज्या वडापच्या ट्रॅक्समध्ये आपण गुडघे छातीशी घेऊन बसलो, मागे फळीवर आणखी चौघं लटकलेली असताना जे इंजिन कुरकुर न करता घाट चढत होतं, ते आणि जर्मन डॉक्टरांच्या गाडीतलं इंजिन एकाच रक्ताचं. सगळे सुटे भाग जुळत नाहीत, पण बरेच जुळतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे इंजिन डोळे मिटून उघडू शकणारे हात आपल्याकडे गावोगाव आहेत. जुनी जर्मन गाडी म्हटलं की लोक घाबरतात, सुटा भाग कुठून आणणार म्हणून. या एका गाडीपुरतं उत्तर सोपं आहे. जिथे ट्रॅक्स दुरुस्त होते तिथे निम्मं काम होतं.

आता शोध. जाहिरातींत जी चकचकीत दिसते ती बहुधा नुकती रंगवलेली असते, आणि नवा रंग हा जुन्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू. त्याखाली काय दडवलं आहे ते कळत नाही. खरी गाडी सापडते ती सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात, मळलेल्या कव्हरखाली, चारही टायर बसलेली. ती कुणाची तरी पहिली आणि एकमेव गाडी असते. या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, हे माहीत असलं की कुठे विचारायचं ते कळतं. काही आखातातून परत येणाऱ्यांनी सामानाबरोबर आणल्या. काही परदेशी वकिलातींच्या होत्या आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत लिलावात विकल्या गेल्या. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्याने भारतातली आयातबंदी तिथे लागू नव्हती, त्यामुळे त्याहून जुन्या जर्मन गाड्यांची चौकशी तिकडे करावी. पण किनाऱ्यावरची गाडी घेताना दहा वेळा विचार करा. खाऱ्या वाऱ्याने पत्रा आतून सडतो. वर्सोव्याच्या देखण्या गाडीपेक्षा सोलापूर-सांगलीकडची धुळीने माखलेली गाडी मी डोळे झाकून निवडेन. धूळ धुता येते.

माझी साताऱ्यात सापडली तीही अशीच. कुवेतला वीस वर्षं काढून आलेले एक इंजिनिअर काका. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, चाकांखाली फळ्या, सीटवर जुना पलंगपोस. मी न कळवता गेलो, कारण इंजिन थंड असताना बघायचं असतं. आधीच गरम करून ठेवलेलं डिझेल इंजिन काहीच खरं सांगत नाही. बॉनेटवर हात ठेवला, थंडगार. काकांनी किल्ली अर्धी फिरवली. डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा लागला. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. दिवा विझला, त्यांनी किल्ली पुढे फिरवली आणि दोन धापांत इंजिन लागलं. थोडा पांढरा धूर आला, मग तोही गेला. उरला तो टकटक आवाज, शिलाई मशीन एका लयीत चालावं तसा.

मी तेलाचं झाकण सैल करून तसंच वर ठेवलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर आतल्या दाबाने ते उडतं. जागच्या जागी थरथरलं, उडालं नाही. मग खाली सतरंजी टाकून झोपलो. जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा पत्रा, स्टेपनीची खोबण, पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे, गंज पहिल्यांदा इथे लागतो. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेला सांगाडा बांधण्यात सगळा हिशेब बुडतो. बरोबर लोहचुंबक ठेवायचा, रुमालात गुंडाळून. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. काकांच्या गाडीला डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर तळहाताएवढी पुट्टी होती. “रिक्षा घासली होती, ९४ साली,” ते म्हणाले.

मग त्यांनी किल्ली काढली आणि इंजिन चालूच राहिलं.

ज्यांना ही गाडी माहीत नाही ते इथे घाबरतात. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे वीज तोडून ते बंद होत नाही. इंधन तोडावं लागतं. या गाडीत ते काम व्हॅक्यूम करतो. इंजिनावरचा एक पंप हवा ओढून घेतो आणि त्याच ओढीवर किल्लीने गाडी बंद होते, चारही दारांची कुलपंही त्याच ओढीवर लागतात. बोटाएवढ्या जाडीच्यासुद्धा नाहीत अशा नळ्या दारांतून, गालिच्याखालून गेलेल्या. त्यांचा एखादा रबरी सांधा कडक होऊन चिरला, की डिक्कीजवळची गळती पुढे इंजिन बंद होऊ देत नाही. बांधणाऱ्यांना हे माहीत होतं. बॉनेट उघडलं की एक दांडी दिसते, तिच्यावर ‘स्टॉप’ असं कोरलेलं आहे. काकांनी ती दाबली, इंजिन शांत झालं. “तीन वर्षं असंच बंद करतोय,” ते म्हणाले, “वाकवत नाही आता, म्हणून विकतोय.”

मी घासाघीस केली नाही.

एक चूक मी यापूर्वी केली होती, ती सांगायला हवी. पहिली जुनी गाडी मी एका दलालाच्या भरवशावर घेतली. मर्सिडीजचीच डब्ल्यू १२४, पेट्रोल, दिल्लीची. दिल्लीत तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला बंदी होती, म्हणून तिकडून चांगल्या गाड्या पडत्या भावात इकडे येत. त्यात खोटं काही नाही. पण मी गाडी बघितली आणि कागद नंतर बघू म्हणालो. ना-हरकत दाखल्यावरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर यांत एक आकडा वेगळा निघाला. तो दुरुस्त करून घेण्यात अकरा महिने गेले आणि तेवढे दिवस गाडी उभी. तेव्हापासून मी आधी कागद मागतो. आरसी, दुसऱ्या राज्यातली असेल तर अठ्ठावीस नंबरचा फॉर्म, कर्जाची नोंद उतरली आहे का, आणि चेसिस नंबर पेन्सिलीने कागदावर उतरवून घेतलेला. हे सगळं जुळल्यावर मग बॉनेट.

त्या डब्ल्यू १२४ वर माझा राग नाही. उलट पुण्याच्या माणसाने तीच शोधावी असं मला वाटतं, कारण ती आपल्या गावची आहे. १९९५ मध्ये मर्सिडीजने भारतात जी पहिली मोटार बांधायला घेतली ती हीच, ई २२०, टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. युरोपात त्याच वर्षी नवा नमुना आला आणि आपल्याला जुना दिला, अशी तक्रार होती. त्या तक्रारीमुळे आणि नंतरच्या विस्मरणामुळे ती आज हौशी माणसाच्या आवाक्यात आहे. मर्सिडीजचे डिझायनर ब्रुनो साको यांच्या देखरेखीखाली रेखलेलं तिचं अंग बघा, एकही रेघ उगाच नाही. पुढच्या काचेला एकच वायपर, पण तो फिरता फिरता कोपऱ्याकडे लांब होतो आणि मधे परत आखडतो, जवळजवळ सगळी काच पुसतो. पावसाळ्यात सिग्नलला उभं असताना मी तो नुसता बघत राहायचो. घेताना एकच गोष्ट नीट तपासायची, इंजिनवरच्या वायरी. त्या काळात निसर्गात विरघळणारं आवरण वायरींना वापरलं गेलं आणि ते इंजिनच्या उष्णतेने बॉनेटखालीच विरू लागलं. वायर बोटांत धरून हळू वाकवा. आवरण खपलीसारखं सुटलं तर नवा संच घालावा लागणार, तेवढे पैसे किमतीतून आधीच कमी करून मागा.

भाचा सांगतो, जर्मनीत तीस वर्षांच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला पाटीवर नंबरनंतर ‘एच’ हे अक्षर मिळतं. १९९७ पासूनची ही पद्धत. तपासनीस गाडी बघतो आणि ती जपण्याजोगी आहे असं लिहून देतो. मग इंजिन कितीही मोठं असो, वर्षाचा कर ठरलेला, १९१ युरो ७३ सेंट. एखाद्या देशाने जुन्या यंत्राला कायद्यात जागा द्यावी, याचा मला मनापासून आदर वाटतो. आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेली. पण ती घेतली की गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, मेळावे अशा कारणांपुरतीच बाहेर काढायची. माझी गाडी पन्नाशीची होईल तेव्हाही मी ती घेणार नाही. पंधरा वर्षांनंतरची नेहमीची फेरनोंदणी दर पाच वर्षांनी करत राहीन. ही गाडी वापरातच नीट राहते. उभी ठेवली की रबरं सुकतात, ब्रेक धरतात, टाकीत गाळ बसतो.

मेहुण्याचे दोन आक्षेप पैशांचे नव्हते आणि ते मला मान्य आहेत. एक सुरक्षिततेचा. अपघातात मऊ चेपणारा पुढचा-मागचा भाग आणि मधला भक्कम सांगाडा हे तिच्यात आहे, त्या काळात ते पुष्कळ होतं. पण माझ्या गाडीत एअरबॅग नाही. म्हणून द्रुतगती मार्गावर मी ती नेत नाही आणि मुलीला घेऊन लांबच्या प्रवासाला आमची दुसरी गाडी काढतो. दुसरा धुराचा. चाळीस वर्षांपूर्वीचं डिझेल इंजिन आजच्याइतकं स्वच्छ जळत नाही, त्याला उत्तर नाही. मी वर्षाला तीन हजार किलोमीटरच्या आत राहतो, नोझल वेळेवर तपासून घेतो आणि काळा धूर दिसला की गाडी त्याच दिवशी गॅरेजला जाते. हे वेड दुसऱ्याच्या छातीत जाऊ नये एवढी जबाबदारी ते करणाऱ्यावर आहे.

आणि आता मला जे मिळालं ते. भोसरीच्या एका गल्लीत आमचे मिस्त्री आहेत. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं टेम्पो आणि ट्रॅक्सच्या इंजिनांत घालवली. पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा त्यांनी बॉनेटची दुसरी खिट्टी काढून ते सरळ उभं केलं, भिंतीसारखं. हे मलाही माहीत नव्हतं. मग आत बघून ते म्हणाले, “अरे, हा तर आपलाच माणूस.”

टॅपेट सेटिंग त्यांनी मला शिकवलं. या इंजिनात ते दर काही हजार किलोमीटरला हातानेच करावं लागतं. रविवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं. वरचं कव्हर काढलं की काळ्या तेलात चमकणारा कॅमशाफ्ट समोर येतो. इंजिन पुढून पान्याने फिरवून एकेक कॅमचं नाक वर आणायचं. मग चौदाचे दोन पाने, एकाने धरायचं, दुसऱ्याने सोडायचं. इनलेटला ०.१० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट हवी. मी फिलर गेजचं पातं घालून आकडा जुळतोय का बघत होतो. मिस्त्रींनी माझ्या हातातून पातं घेतलं, पुन्हा सरकवलं आणि माझं बोट धरून त्यावर ठेवलं. “आकडा नको बघू. ओढताना कसं लागतंय ते बघ. लोण्यातून सुरी ओढल्यासारखं नको, वाळूतून ओढल्यासारखंही नको.” आठ व्हॉल्व्ह, दोन तास. पाचव्यापासून मला बोटाला कळायला लागलं. दोन सिलिंडरांच्या मधे मुलीने विचारलं, “बाबा, ते परत सैल झालं तर?” मिस्त्री म्हणाले, “होणारच की बाळा. मग परत यायचं.”

नवी गाडी मला असं कधी बोलवत नाही. तिचं बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिकचं आवरण दिसतं, त्याखाली काय आहे ते कंपनीचा संगणक बघतो. तिच्यात वाईट काही नाही. पण ती माझी असूनही मला आत घेत नाही. ही घेते. कुठली नळी कुठे जाते, कुठला आवाज कशाचा, हे शिकायला वेळ जातो, आणि वहीच्या मागच्या पानावर मेहुण्याने जो वेळ खर्चाच्या रकान्यात धरला असता तोच मला सगळ्यात मोठी कमाई वाटतो.

व्हॅक्यूमची गळती सापडायला चार महिने लागले. मागच्या उजव्या दाराच्या कुलपातला डायफ्राम फाटला होता आणि तीन सांधे चिरले होते. कंपनी अजूनही तिच्या भागांना नंबर देऊन विकते. भाच्याने नंबर सांगून ते सांधे मागवले आणि दिवाळीला येताना आणले, शर्टाच्या खिशात मावतील एवढे. परत जाताना त्याला बहिणीने भाजणीचा डबा दिला. सांधे बसवायला एक संध्याकाळ लागली.

काम झालं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. मी साताऱ्याला फोन केला. काकांनी आधी विचारलं, “बंद होते का?” मी फोन बॉनेटजवळ धरला, गाडी चालू केली, थोडा वेळ चालू दिली आणि किल्ली फिरवली. इंजिन एकदा हललं आणि थांबलं. पलीकडून काही बोलणं आलं नाही. मला वाटलं फोन कटला.

“आहात का, काका?”

“आहे,” ते म्हणाले. “परत एकदा चालू करा.”